सेनोबियाचा डावा गाल

सेनोबिया चुकिचांबीच्या दहाही बोटांवर धड एक रेष शिल्लक नाही, हे तिला अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं, आणि तेही चारचौघांत. तोवर त्या बोटांनी तिचं काही अडवलं नव्हतं. हातोडा धरता येत होता, दोन लांब वेण्या घालता येत होत्या, सुईत दोरा ओवता येत होता. बोटांकडून माणसाने आणखी काय मागायचं?

पोतोसी शहराच्या डोक्यावर जो डोंगर बसलाय, त्याच्या पाठच्या अंगाला सांता गेर्त्रुदिस नावाची खाण आहे. खाण म्हणजे डोंगराला पाडलेलं एक भोक, त्यातून बाहेर येणारे गंजके रूळ, आणि भोकाच्या शेजारी दगडमातीची एक खोली. त्या खोलीत सेनोबिया एकोणीस वर्षं राहत होती. खाणकामगारांची ड्रिल मशीन, सुरुंगाच्या कांड्या, केबली, दिवे हे सगळं डोळ्यांत तेल घालून राखायचं, चोर दिसला तर कुत्री सोडायची आणि डोंगर हलेल असं ओरडायचं, ही तिची नोकरी. खोली नोकरीबरोबर आलेली. नोकरी गेली की खोली गेली, आणि खोली गेली की या बाईला गाठोडं टेकायला दुसरी जागा नव्हती. मुलगी नेल्मा खाली बाजारात फोन दुरुस्तीच्या टपरीवर काम करायची आणि आणखी तिघींबरोबर एका खोलीत राहायची. तिथे आईची वळकटी पसरायची म्हटली तर कुणाला तरी उभं राहून झोपावं लागलं असतं.

आणि समजा जागा असती, तरी सेनोबिया गेली असती असं मला वाटत नाही. एकोणीस वर्षांत या खाणीतून एक खिळा चोरीला गेला नव्हता. हे ती स्वतः होऊन सांगायची नाही, पण कुणी विचारलंच तर दोनदा सांगायची.

फोनचं प्रकरण सुरू झालं ते दुसऱ्या एका खाणीवरून. तिथली राखणदार बाई भाचीच्या लग्नाला गेली आणि मागे दोन ड्रिल मशीन गेली. खाणी चालवणाऱ्या कामगारांच्या सहकारी संस्थेने ठरवलं, प्रत्येक खाणीच्या तोंडाशी एक फोन द्यायचा. सकाळी सहा, दुपारी बारा आणि संध्याकाळी सहा, अशा तीन वेळा बाईने फोन उघडून हिरवं बटण दाबायचं. म्हणजे बाई जागेवर आहे. एका महिन्यात तीन खेपा चुकल्या की नारळ. आधी चार आकडे दाबून फोन उघडायचा होता, पण आठ जणींनी ते आकडे विसरू नयेत म्हणून खडूने दारावर लिहून ठेवले आणि स्वतः बाजाराला गेल्या. बटण शेजारणी दाबत राहिल्या. मग संस्थेने आकडे ऑफिसच्या कपाटात कुलूपबंद केले आणि सांगितलं, यापुढे बोट नाहीतर चेहरा, तिसरं काही चालायचं नाही.

फोन घेऊन वर आला सुरक्षेचा सेक्रेटरी, लिसांद्रो. नव्या जाकिटात, धापा टाकत, रिकाम्या हातांनी.

रिकामे हात सेनोबियाने आधी पाहिले, फोन नंतर. डोंगर चढून खाणीच्या तोंडाशी येणारा माणूस मूठभर कोकाची पानं घेऊन येतो. पाहुणा असो, सोयरा असो, अगदी भांडायला आलेला असो, आधी पानं पुढे करतो आणि मग भांडतो. हा लिसांद्रो याच खाणीत सोळा वर्षं ढोपरांवर रांगला होता. त्याला ठाऊक नव्हतं असं नाही.  सेनोबियाने ते मनात ठेवून दिलं.

"दोन्या सेनोबिया, अंगठा टेका इथे," लिसांद्रो म्हणाला. मोठ्या बाईला इथे मानाने दोन्या म्हणतात.

तिने टेकला. फोन थरथरला आणि ढिम्म राहिला.

"पुसून टेका."

तिने परकराला पुसून टेकला. मग दुसरा अंगठा. मग एकेक करत आठही बोटं. पाळी संपवून बाहेर आलेले कामगार भोवती गोळा झाले.

"पायाचा लावून बघा!" एकजण म्हणाला.

"तिचा पाय तुझ्या थोबाडापेक्षा स्वच्छ आहे," दुसरा म्हणाला, आणि सगळे हसले.

लिसांद्रोने तिचा हात उन्हात धरला आणि तळवा उलटा-सुलटा करून पाहिला. "बाई, तुमच्या बोटांना रेषाच नाहीत. गुळगुळीत आहेत. यंत्र म्हणतंय, इथे कुणी माणूसच नाही."

यंत्राला काय कळतंय! इथे येण्याआधी वीस वर्षं सेनोबिया खाणीबाहेरच्या दगडांच्या ढिगावर बसून दगड फोडायची. पुरुषांनी टाकून दिलेल्या दगडांतून धातूचा कण शोधायचा, हातोड्याने फोडायचा, बोटांनी चाचपायचा, आंबूस पाण्यात धुवायचा. मोजे घातले तर कण बोटाला कळत नाही, म्हणून मोजे नाहीत. थंडीत बोटं फाटायची आणि ती त्यात चरबी भरून पुन्हा फोडायला बसायची. नवरा खाणीच्या धुळीने छाती भरून गेला, तेव्हा नेल्मा पाच वर्षांची होती. ओळखपत्र काढायला गेली तेव्हा तिथल्या कारकुनाने तीनदा शाई लावली, तीनदा कागदावर काळा डाग उमटला, आणि चौथ्यांदा तो वैतागून म्हणाला होता, "चालेल." त्याला जे चाललं ते या फोनला चालेना.

"नेल्माचा अंगठा घाल ना फोनमध्ये," खालच्या खाणीची राखणदार, जाडजूड प्रुदेन्सिया, संध्याकाळी सांगायला आली. "माझ्या फोनात माझ्या सुनेचा आहे. संस्थेला काय घंटा कळतंय?"

"आणि नेल्माने दिवसातून तीनदा डोंगर चढायचा?"

"मग माझ्या सुनेचाच घाल. ती येईल की."

"प्रुदेन्सिया, राखण मी करते. उद्या तुझी सून रुसली तर मी इथे नाहीच असं होईल."

"हट्टी आहेस."

"आहे."

प्रुदेन्सिया गेली ती मान हलवतच. पण सेनोबियाचं ठरलं होतं. दुसऱ्याच्या बोटावर तिला या खोलीत राहायचं नव्हतं.

उरला चेहरा. दुसऱ्या दिवशी दुपारी ती स्वतःच फोन घेऊन संस्थेच्या ऑफिसात उतरली. लिसांद्रोच्या टेबलाशेजारी त्याची मेहुणी बसली होती. बरी बाई, पण सांता गेर्त्रुदिसच्या खोलीला खिडकी किती मोठी आहे, चूल धूर करते का, असले प्रश्न तिने सेनोबियाला विचारले, तेव्हा सेनोबियाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती टोपी नीट करून ताठ बसली. फोनने तिला इकडे बघ, तिकडे बघ, मान वर, मान खाली असं केलं आणि तिचा चेहरा घेतला. लगेच उघडून दाखवलं. उघडलं! परत उघडून दाखवलं. परत उघडलं. वर चढताना ती साठीला टेकलेल्या बाईसारखी चालत नव्हती.

पहाटे उठली, तोंड धुतलं, वेण्या घातल्या, टोपी चढवली आणि सहाच्या ठोक्याला फोन तोंडासमोर धरला. फोन उघडेना. तिने लांब धरला, जवळ धरला, हसून बघितलं, रागावून बघितलं. पाचदा बघितल्यावर फोनने सांगितलं, आता ऑफिसातून आकडा आणा. पहिली खेप चुकली. ऑफिसात लिसांद्रोने आकडा घातला, आणि तिथे, दहा वाजता, फोनने तिला बघताक्षणी दार उघडलं.

"तुम्ही झोपेत बघत असाल," लिसांद्रो म्हणाला.

दुपारी उघडला. संध्याकाळी उघडला. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पुन्हा बंद; या वेळी चारदा बघूनच ती थांबली. दुसरी खेपही चुकली. आता महिना संपायला तीन आठवडे होते आणि हातात एकच चूक.

तो रविवार होता, म्हणून नेल्मा वर आली. दिवसाला वीस फोन उघडणारी, खोलणारी, शिवणारी मुलगी. तिने फोन बघितला, आईला बघितलं, परत फोन बघितला. आई चुलीसमोर बसून डाव्या गालात एकेक पान सरकवत होती. कोकाचा तोबरा असाच भरतात, घाई न करता, देठ काढून, वर राखेच्या वडीचा कण लावून. तोबरा दिवसभर गालात राहतो. त्याच्यामुळे भूक दबते, थंडी दबते, चौदा हजार फुटांवरची धाप दबते. गाल लिंबाएवढा फुगतो आणि फुगलेलाच राहतो.

"आई," नेल्मा सावकाश म्हणाली, "ऑफिसात चेहरा दिलास तेव्हा तोंडात पानं होती?"

"दुपारची वेळ. असणारच की."

"आणि सकाळी सहाला?"

"सहाला कोण भरतं? आधी सूप, मग पानं."

नेल्माने कपाळाला हात लावला आणि मग इतकी हसली की बाहेरची कुत्री भुंकायला लागली. "अगं, तू त्याला फुगलेला गाल दाखवलास. सकाळी चपट्या गालाने गेलीस. ते म्हणतंय, ही बाई दुसरीच!"

"एका गालावरून?"

"महागडा फोन असता तर समजून घेतलं असतं. हा संस्थेने घेतलाय. चल, उद्या जाऊन चेहरा नव्याने दे. तोंड रिकामं करून."

"मग दुपारी बाराला काय करू? थुंकून टाकू?"

"टाक की."

सेनोबियाने हातातलं पान खाली ठेवलं. "नेल्मा, खाणीत शिरताना माणूस आधी ही पानं डोंगराला देतो, मग स्वतःच्या तोंडात घालतो. तुझा बाप शेवटी सूपसुद्धा गिळत नव्हता, पण पान गालात ठेवायचा. आणि मी ते या डबीपुढे थुंकू?"

"मग काय करणार?"

"सूप उशिरा पिईन."

एक घाव दोन तुकडे. त्या दिवसापासून ती साडेपाचला उठून, रिकाम्या पोटी तोबरा भरायची. सहाला डावा गाल फुगलेला, फोन उघडा. नेल्माने आपल्या फोनवर त्या गालाचा एक फोटो काढून तो छापून आणला आणि आरशाच्या तुकड्याशेजारी चिकटवला, म्हणजे गाल रोज तेवढाच भरेल. नऊ दिवस सगळं सुरळीत चाललं.

मग रस्ते बंद झाले. खालच्या गावांनी कुठल्याशा मागणीसाठी हमरस्त्यावर दगड आणि टायर टाकले, ट्रक जागच्या जागी उभे राहिले. या मुलखात हे नवं नाही. वर्षातून दोन-तीनदा होतं आणि लोक तांदूळ, बटाटे भरून ठेवतात. पण कोका भरून ठेवता येत नाही, वाळून भुसा होतो. पाचव्या दिवशी बाजारात पानं मोजून मिळू लागली, सातव्या दिवशी ओळखीवर, नवव्या दिवशी नाहीच. सेनोबियाने तोबरा लहान केला नाही. लहान करून चालणार नव्हतं. तिने कुबट वासाची, तुटकी, तळाची पानं गोळा केली आणि दहाव्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, शेवटची मूठ गालात भरून सहाची खेप राखली.

दहा वाजेपर्यंत त्या मुठीचा चोथा झाला आणि विरघळून गेला. गाल चपटा पडला.

बाहेर उन्हात तीसेक कामगार बसून होते. पानांशिवाय कुणी आत जात नाही, त्यातून शुक्रवार म्हणजे खाणीत बसवलेल्या शिंगवाल्या देवाला, डोंगराच्या मालकाला, पानं द्यायचा वार. सेनोबियाने एकेकाला विचारलं. कुणाच्या पिशवीत देठसुद्धा नव्हता. "आम्हीच तुमच्याकडे मागणार होतो, दोन्या," म्हातारा फौस्तिनो म्हणाला. आणि मग हळूच म्हणाला, "सेक्रेटरी येतोय आज. तुमच्या गालाचं त्याच्या कानावर गेलंय. मेहुणीला खोली दाखवायला. सोबत तिची गादी बांधलेलं गाढवही आहे म्हणतात."

सेनोबिया खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. रडायला नव्हे; रडायला तिच्याकडे वेळ नव्हता. बाराला दोन तास होते आणि फोन पाचच संधी देतो, म्हणून तिने फोनला हातही लावला नाही. आरशाचा तुकडा घेतला, शेजारच्या फोटोकडे बघितलं आणि कामाला लागली.

आधी नुसतीच जीभ गालाला टेकवली. तोंड वाकडं झालं. मग फडक्याची गुंडाळी घातली. गाल चौकोनी दिसला. पावाचा तुकडा घातला. तो बरा दिसला, पण दोन मिनिटांत भिजून बसला. दोऱ्याचं रीळ घातलं आणि स्वतःलाच शिवी दिली. साडेअकरा वाजले. चुलीवर सूप उकळत होतं आणि त्यात चुन्यो शिजत होते. चुन्यो म्हणजे हिवाळ्यात रात्रभर गोठवून, पायांनी तुडवून, वाळवलेले काळे बटाटे. तिने ते स्वतः तुडवलेले होते. तिने डाव घातला, एक बाहेर काढला, फुंकला, दाबून पाहिला. मऊ पण घट्ट. गालात सरकवला. जिभेने थोडा मागे रेटला. आरशात बघितलं, फोटोत बघितलं. थोडा लहान. तो खाऊन टाकला आणि त्याहून मोठा काढला.

पावणेबाराला लिसांद्रो आला. मागे मेहुणी, मेहुणीमागे गाढव, गाढवावर खरोखरच गादी. आणि याही वेळी हात रिकामे. आता कुणाकडेच पानं नव्हती, हे खरं. पण पहिल्या दिवशी तर बाजार भरलेला होता.

"दोन्या सेनोबिया, बारा वाजतायत. दोन खेपा गेल्यात तुमच्या. माझ्यासमोर उघडा," तो म्हणाला, आणि वही काढली.

सेनोबिया दारात उभी राहिली. टोपी सरळ, वेण्या पुढे, डावा गाल लिंबाएवढा. तिने फोन तोंडासमोर धरला. फोन उघडला. तिने हिरवं बटण दाबलं.

उन्हात बसलेल्यांनी एकच आरोळी ठोकली. लिसांद्रोने मात्र डोळे बारीक केले. "पानं कुठून आली? सगळ्या बाजारात पान नाही."

सेनोबियाने गालातला चुन्यो काढला, सगळ्यांना दाखवला, परत तोंडात टाकला आणि चावून गिळला. म्हातारा फौस्तिनो हसता हसता खोकायला लागला.

"हे चालणार नाही!" लिसांद्रो ओरडला. "ही फसवणूक आहे. फोनला खोटा चेहरा दाखवलात तुम्ही. वहीत लिहितो मी, खेप चुकली."

"लिही. पण आधी तुझा फोन काढ," सेनोबिया म्हणाली. इतके दिवस ती त्याला अहोजाहो करत होती. आता तिने ते सोडून दिलं. "काढ की. अंगठ्याने उघडतो ना तुझा?"

"उघडतो. मग?"

"उघडून दाखव सगळ्यांना."

लिसांद्रोने चिडून अंगठा टेकवला. फोन चटकन उघडला.

"फौस्तिनो, तुझा अंगठा लाव रे त्या फोनवर. नवा अंगठा म्हणून नोंदवून घेतो का बघू. नाही? एउलोखिओ, तुझा? दाखव हात." तीस जणांतल्या निम्म्यांनी हात पुढे केले. काळे, फाटलेले, बोटांची टोकं घासून चकचकीत झालेली. "लिसांद्रो, तू या खाणीत नवा आलास तेव्हा तुझी बोटं फुटली होती. मी त्यात लामाची चरबी भरली. याच दारात. तेव्हा तुझा अंगठा कुठल्याच फोनने ओळखला नसता. आता ओळखतो. किती वर्षं झाली हातोडा सोडून?"

लिसांद्रोने फोन खिशात घातला.

"माझ्या बोटांवर जे होतं ते या डोंगराने घेतलं. माझ्या गालात जे आहे ते या डोंगरावर टिकायला भरावं लागतं. खोटा चेहरा म्हणतोस? रिकाम्या गालाची मी फक्त झोपेत असते. राखण करते ती ही. एकोणीस वर्षांत इथला एक खिळा गेलाय का? तुझ्या वहीत बघून सांग. एक खिळा!"

 गाढवाने नाक फुरफुरवलं. लिसांद्रोने आपल्या अंगठ्याकडे बघितलं, मग तो जाकिटाला पुसला, जसं काही त्याला काही लागलं होतं. वही उघडली, बाराच्या रकान्यात बरोबरची खूण केली आणि पान मिटलं. मेहुणीने "म्हणजे काय आता?" असं विचारलं, त्याचं उत्तर तिला वाटेत मिळालं असेल. गादी जशी आली तशी उतरली.

सेनोबिया आत गेली आणि चुलीपाशी बसली. तिने संध्याकाळच्या सहासाठी आणखी एक चुन्यो बाजूला काढून ठेवला.

पुढचे चार दिवस ती चुन्योवर राखण करत राहिली. शनिवारी प्रुदेन्सिया केवढा चुन्यो घालायचा ते विचारायला आली, कारण तिची सून खरोखरच रुसली होती आणि आता तिलाही चेहराच दाखवावा लागणार होता. मंगळवारी रस्ते उघडले.

बुधवारी पहाटे साडेपाचच्या सुमारास कुत्री भुंकली. सेनोबिया हातोडा घेऊन दारात आली. लिसांद्रो एकटाच वर येत होता, धापा टाकत. जाकीट तेच होतं. हातात हिरवी पिशवी होती, ताज्या पानांचा वास दहा पावलांवरून येणारी. तो दारापाशी थांबला आणि त्याने पिशवी पुढे केली.

अशी पानं दोन्ही हातांनी घेतात. सेनोबियाने हातोडा भिंतीला टेकवला, दोन्ही हातांनी पिशवी घेतली, तीन पानं डोंगराच्या नावाने दाराशी ठेवली आणि गाल भरायला बसली. सहाला फोन उघडला. तिने बटण दाबलं.

"पहिल्याच दिवशी आणली असतीस," ती म्हणाली. "बस. सूप आहे."